बाळकृष्ण शिवराम मुंजे

डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे (जन्म : १२ डिसेंबर १८७२, बिलासपूर, मृत्यू : मार्च १९४८, नाशिक) हे नेत्रवैद्य, टिळकपक्षाचे कार्यकर्ते, हिंदू महासभेचे पुढारी आणि नाशिक येथील भोसला मिलिटरी स्कूलचे संस्थापक होते. अनुयायी त्यांना ‘धर्मवीर’ म्हणत. राजकारणातील त्यांची भूमिका आजही वादाचा विषय आहे. मात्र सामान्य घरातील विद्यार्थ्याच्या हाती कायदेशीर मार्गाने बंदूक यावी आणि त्याने निशाण्यावर नेम धरायला शिकावे, या एका मागणीचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. महाराष्ट्रातील नेमबाजीच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते या कारणाने.

शिक्षण, वैद्यकी आणि बोअर युद्ध

मुंजे यांचे घराणे देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मणांचे. त्यांचा जन्म झाला ते बिलासपूर तेव्हा मध्य प्रांतात होते, आज ते छत्तीसगड राज्यात आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८९८ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि मुंबई महापालिकेत वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी धरली. त्या काळी अशी नोकरी मिळालेला तरुण सहसा ती सोडत नसे. मुंजे यांनी ती सोडली आणि दक्षिण आफ्रिकेत सुरू असलेल्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) वैद्यकीय पथकातून ते गेले. लढाईचे शिक्षण घेण्याची वाट हिंदी तरुणाला बंद होती. रणांगण जवळून पाहायचे तर डॉक्टरचा पेशा हीच काय ती मोकळी वाट होती.

परतल्यावर ते नागपुरात स्थायिक झाले. डोळ्यांचे शल्यवैद्य म्हणून, विशेषतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी, त्यांचा लौकिक झाला. ‘नेत्रचिकित्सा’ हा ग्रंथ त्यांनी संस्कृतात लिहिला. घोडेस्वारी व शिकार यांची त्यांना आवड होती. हिंदूंनी मांसाहार करावा असेही ते उघडपणे सांगत. त्यांच्या समाजात हे मत पचनी पडणारे नव्हते, पण त्यांनी ते कधी लपविले नाही.

राजकीय जीवन

१९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये जहाल-मवाळ फूट पडली तेव्हा मुंजे टिळकांच्या बाजूस उभे होते. केशव बळीराम हेडगेवार यांना वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्यास पाठविण्यात त्यांचा वाटा होता. पुढे हेडगेवारांनी १९२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन केला, त्यांचे मार्गदर्शक म्हणून मुंजे यांचा उल्लेख होतो. टिळकांच्या निधनानंतर, १९२० मध्ये, नागपूर काँग्रेसचे अध्यक्षपद अरविंद घोष यांनी स्वीकारावे अशी विनंती करण्यासाठी मुंजे व हेडगेवार पाँडिचेरीस गेले, पण अरविंदांनी नकार दिला. गांधीजींचा अहिंसेचा आग्रह आणि खिलाफत चळवळीशी काँग्रेसने केलेले सहकार्य ही दोन्ही मुंजे यांना अमान्य होती. ते काँग्रेसपासून दूर गेले, १९२७ मध्ये पाटणा येथील हिंदू महासभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि १९३७ मध्ये सावरकर अध्यक्ष होईपर्यंत त्या संघटनेच्या अग्रभागी राहिले.

अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर त्यांनी १९३२ मध्ये एम. सी. राजा यांच्याशी करार केला. त्यात संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा मान्य केल्या होत्या. नाशिक जिल्ह्यातील येवले येथे १९३५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर १९३६ च्या जूनमध्ये शीख धर्माच्या पर्यायासंबंधी मुंजे व आंबेडकर यांच्यात बोलणी झाली. त्यांतून काही निष्पन्न झाले नाही.

शस्त्रबंदी आणि नेमबाजीचा प्रश्न

मुंजे यांची मागणी समजून घ्यायची तर त्या वेळचा कायदा पाहावा लागतो. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये शस्त्रास्त्र कायदा झाला. त्यानुसार परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले आणि युरोपियनांना या बंधनातून सूट मिळाली. १९२० च्या नियमांनी वंशावर आधारलेला हा भेद कागदोपत्री काढला, तरी परवाना देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतही या कायद्याविरुद्ध ठराव झालेले आहेत, म्हणजे ही तक्रार एकट्या जहालांची नव्हती.

दुसरी अडचण सैन्यभरतीची होती. लढवय्या आणि बिनलढाऊ जाती अशी विभागणी सरकारने केली होती. हिंदी सैन्याचे सरसेनापती (१८८५–१८९३) लॉर्ड रॉबर्ट्स हे या सिद्धान्ताचे खंदे पुरस्कर्ते. भरतीचा ओघ पंजाब, नेपाळ व सरहद्दीकडे वळला. महारांची भरती तर १८९० च्या दशकात बंद झाली. याच रॉबर्ट्स यांनी बोअर युद्धात ब्रिटिश सेनेचे नेतृत्व केले. शेतावर वाढलेले बोअर नेमबाज कसलेल्या पलटणींना भारी पडतात हे तेथे दिसून आले, आणि मायदेशी परतल्यावर ब्रिटनमधील कामगार व कारकुनांनी रायफल चालविण्यास शिकावे म्हणून रॉबर्ट्स झटू लागले. गावोगावी छोटे रायफल क्लब निघाले. स्वदेशातील कारकुनाच्या हाती बंदूक देणारा हा सेनापती हिंदुस्थानातील कारकुनाला बिनलढाऊ ठरवून मोकळा झाला होता, ही विसंगती इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. मुंजे त्याच युद्धात होते. तरुणपणी पाहिलेल्या त्या युद्धाशी त्यांच्या पुढील आग्रहाचा संबंध जोडता येतो.

ब्रिटनमधील त्या क्लबांत वापरली जाणारी रायफल लहान नळीची, .२२ इंचाची असे. आपल्याकडे तिला ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. तिचे काडतूस ‘रिमफायर’ जातीचे असते. मोठ्या काडतुसात पेटविणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत भरलेले असते. रिमफायरमध्ये ते बुडाच्या पोकळ कडेत पसरलेले असते आणि बंदुकीचा खटका त्या कडेवर आपटताच पेट घेते. कडा ठेचली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते, त्यामुळे दारूही थोडीच भरता येते. परिणामी धक्का जवळजवळ जाणवत नाही, आवाज कमी होतो आणि खर्चही कमी येतो. एकदा उडालेले काडतूस मात्र सहसा पुन्हा भरता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसच्या फ्लोबेर या बंदूककाराने घरातल्या नेमबाजीसाठी या जातीचे काडतूस तयार केले. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी त्यासाठी लहान रिव्हॉल्व्हर काढले आणि १८८७ मध्ये ‘लाँग रायफल’ हे आजही चालणारे काडतूस आले. नवशिक्याच्या दृष्टीने याचा मोठा फायदा असा की, तो धक्क्याला दचकत नाही. लष्कराच्या .३०३ रायफलीने शिकणारा मुलगा बार उडण्यापूर्वीच डोळे मिटतो, खांदा आखडतो, आणि एकदा जडलेली ही खोड मोडायला वेळ लागतो. शिवाय .२२ साठी पंचवीस यार्डांचा, मागे मातीचा भक्कम बांध असलेला पट्टा पुरतो. .३०३ ची गोळी मैलापलीकडे जाऊ शकते आणि तिला मोकळे रान लागते.

१९२६ च्या निवडणुकीनंतर केंद्रीय कायदेमंडळाचे सभासद असताना मुंजे यांनी शाळा-महाविद्यालयांतील मुलांना सक्तीचा व्यायाम व कवायत यांच्या जोडीला अशा छोट्या रायफलीचे शिक्षण द्यावे, असा आग्रह धरला. नागपुरात रायफल असोसिएशन उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता. १९२० च्या कायद्याने निघालेल्या प्रादेशिक सेनेत विद्यापीठांची पथके होती, परंतु त्यांत जागा मोजक्याच असत. शाळेतल्या मुलांसाठी काहीच नव्हते.

मुंजे यांची ही मागणी रायफलीची होती, पिस्तुलाची नव्हती. पिस्तूल खिशात लपते आणि रायफल लपत नाही, एवढा एकच फरक सरकारच्या लेखी पुरेसा होता. नाशिककरांना तर तो सांगण्याची गरज नव्हती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. ही पिस्तुले लंडनहून गुप्तपणे आलेली होती. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यानंतर कित्येक वर्षे या शहरात पिस्तूल म्हणजे कट, असेच समीकरण राहिले. उघड्या मैदानावर, परवाना घेऊन, शिक्षकाच्या देखरेखीखाली चालणारी रायफल ही त्याहून वेगळी वाट होती आणि मुंजे यांनी ती जाणूनबुजून निवडली असावी.

गोलमेज परिषद व इटलीचा दौरा

लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत (१९३०–३१) मुंजे संरक्षणविषयक उपसमितीत होते. हिंदी अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची सोय हिंदुस्थानातच व्हावी, या मागणीतून सरसेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली १९३१ मध्ये समिती नेमली गेली. तिचेही मुंजे सदस्य होते. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी १९३२ मध्ये सुरू झाली ती या समितीच्या शिफारशीनुसार.

परिषद संपल्यावर परतीच्या वाटेवर ते युरोपात हिंडले आणि मार्च १९३१ मध्ये इटलीत आले. रोममध्ये त्यांनी लष्करी महाविद्यालय, शारीरिक शिक्षणाच्या संस्था आणि ‘बालिला’ ही फॅसिस्ट राजवटीची मुलांची संघटना पाहिली. १९ मार्च रोजी पालाझ्झो व्हेनेझियात मुसोलिनीची भेट घेतली. आपल्या रोजनिशीत त्यांनी या दौऱ्याची सविस्तर नोंद केली असून, बालिलाच्या शिस्तीने ते प्रभावित झाले होते हे तीतून स्पष्ट दिसते. अशी संघटना हिंदूंसाठी असावी असे त्यांना वाटले. त्या वेळी मुसोलिनीला भेटणारे ते एकटेच परदेशी पाहुणे नव्हते, हे खरे. पण इतरांनी पाहिले ते मुख्यतः रस्ते आणि वेळेवर धावणाऱ्या आगगाड्या, तर मुंजे यांनी पाहिली आठ वर्षांपासूनच्या मुलांची कवायत आणि ती अनुकरणीय मानली. हा मुद्दा सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. पुढे दहा वर्षांनी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान एरिट्रियात केरेनच्या लढाईत मुसोलिनीच्याच फौजांशी लढले, आणि इटलीच्या भूमीवर यशवंत घाडगे व नामदेव जाधव या दोन मराठा शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

भोसला मिलिटरी स्कूल

१९३५ मध्ये मुंजे यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. संस्थेच्या नावातच ‘हिंदू’ शब्द आहे आणि तो सहज आलेला नाही. आपली शाळा कोणासाठी आहे याबद्दल संस्थापकाच्या मनात संदेह नव्हता. वर्गणी गोळा करण्यासाठी त्यांनी संस्थानिक व व्यापारी यांच्याकडे खेपा घातल्या. या वेळी त्यांनी साठी ओलांडलेली होती. १२ जून १९३७ रोजी नाशिकला शाळा सुरू झाली. भोसले घराण्याचे नाव तिला देण्यात आले. ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्या हस्ते १९३८ मध्ये कोनशिला बसविण्यात आली आणि शाळेच्या आवारास ‘रामभूमी’ हे नाव मिळाले. नागपूरकर मुंजे यांनी शाळेसाठी निवडलेले हे गाव तीर्थक्षेत्र तर होतेच, शिवाय देवळालीची लष्करी छावणी त्याला लागून होती.

निवासी शाळा, पहाटेची कवायत, घोडेस्वारी, नेमबाजी आणि त्यासोबत मॅट्रिकचा नेहमीचा अभ्यास असा तिचा आराखडा होता. नेमबाजी हा येथे फावल्या वेळचा छंद नव्हता, वेळापत्रकातला विषय होता. शाळेच्या योजनेची जी प्रस्तावना मुंजे यांनी लिहिली, तीत हे शिक्षण युद्धासाठी आहे, शत्रूची अधिकाधिक हानी करून विजय मिळविण्यासाठी आहे, असे त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले आहे. खेळ म्हणून निशाणा साधणे आणि माणसावर नेम धरण्याची तयारी करणे या दोहोंत त्यांनी फरक केला नाही. बंदुकीचा खेळ शिकविणाऱ्या प्रत्येकाला केव्हातरी या प्रश्नापाशी यावे लागते. मुंजे यांचे उत्तर तयार होते आणि ते अनेकांना रुचणारे नाही.

तरीही प्रत्यक्ष पट्ट्यावर जे शिकविले जाते त्याचा एक वेगळा परिणाम होतो. भरलेली असो वा रिकामी, नळी नेहमी निशाण्याकडेच. हुकूम झाल्याशिवाय काडतूस घालायचे नाही. बोट चापावर शेवटी न्यायचे. शेजारचा मुलगा पुढे गेला असेल तर बंदूक खाली ठेवायची. उतावळ्या मुलाला या शिस्तीत गुण मिळत नाहीत. श्वास अर्धा सोडून, चाप सावकाश दाबणाऱ्याची गोळी मध्यभागी लागते.

अखेरची वर्षे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदू तरुणांनी सैन्यात भरती होऊन आधुनिक शस्त्रांचे शिक्षण मिळवावे, असा प्रचार महासभेने केला. मुंजे त्याच मताचे होते. काँग्रेसने १९४२ मध्ये छोडो भारत आंदोलन पुकारले असता सरकारी भरतीला साथ देण्याच्या या धोरणावर कठोर टीका झाली, आणि ती आजही होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, तीही पिस्तुलाने. हिंदू महासभेने आपले राजकीय कार्य स्थगित केले. त्यानंतर महिन्याभरातच, वयाच्या पंचाहत्तरीत, मुंजे यांचे नाशिक येथे निधन झाले.

पश्चात

मुंजे यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, एप्रिल १९४८ मध्ये, राष्ट्रीय छात्र सेनेचा म्हणजे एन.सी.सी.चा कायदा मंजूर झाला. त्यामागे पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीचे काम होते आणि मुंजे यांच्या संघटनेशी त्याचा संबंध नव्हता. पण शाळा-महाविद्यालयांतील मुलांच्या हाती .२२ रायफल द्यावी ही जुनी मागणी या कायद्याने कोणताही धर्म न पाहता प्रत्यक्षात आणली. महाराष्ट्रातील हजारो विद्यार्थ्यांनी, पुढे विद्यार्थिनींनीही, आयुष्यातली पहिली गोळी झाडली ती एन.सी.सी.च्या शिबिरात, याच रायफलीने.

खेळ म्हणून नेमबाजीला देशव्यापी संघटना मिळाली ती १९५१ मध्ये. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे संस्थापक गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे पहिले सभापती. रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे हे घराण्याचे मूळ गाव असलेले हे मराठी गृहस्थ अहमदाबादेत वाढलेले, गांधीजींच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले. अहिंसेला विरोध म्हणून काँग्रेस सोडणारे मुंजे आणि सत्याग्रही मावळंकर या दोघांनाही नागरिकाने नेमबाजी शिकावी असे वाटले, याची नोंद दोघांच्याही चरित्रांत सहसा आढळत नाही. मावळंकरांच्या नावाने भरणारी स्पर्धा आज राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी मानली जाते.

आता नवशिक्याची सुरुवात बहुधा दहा मीटरच्या हवेच्या रायफलीने किंवा हवेच्या पिस्तुलाने होते. .२२ रिमफायरकडे तो त्यानंतर वळतो. पिस्तूल एका हाताने, कोठेही न टेकता धरायचे असल्यामुळे रायफलीपेक्षा अवघड. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत चापाचे वजन किमान एक किलोग्रॅम असावे असा नियम आहे, म्हणून खेळाडू पिस्तूल निवडताना नळीच्या लांबीपेक्षा मूठ हाताला कशी बसते आणि चाप किती एकसारखा सुटतो हे आधी पाहतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार .२२ च्या शस्त्रास आजही परवाना लागतो. खेळाडू म्हणून परवाना मागण्याची सोय आता आहे.

नाशिकमध्ये नेमबाजीची परंपरा टिकून आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून या शहरात सराव केला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. हा प्रकार .२२ रिमफायर रायफलीचाच आहे.

नागपूरच्या सीताबर्डी भागातील मुंजे चौक त्यांच्या नावाने ओळखला जातो. नाशिकच्या रामभूमीवर संस्थेच्या शाळा व महाविद्यालये चालू आहेत. मुंजे यांच्या रोजनिशा व कागदपत्रे दिल्लीच्या पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात, म्हणजे आजच्या पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालयात, ठेवलेली आहेत. इटालियन इतिहाससंशोधक मार्झिया कासोलारी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या रोजनिशीतील १९३१ च्या नोंदींचा उपयोग केला आहे.